गावच्या घरासाठी बारा बोअर: पहिल्यांदा बंदूक घेणाऱ्यांसाठी

"बंदूक कुठली घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, घराच्या भिंती कशाच्या आहेत? समोरचा जरा गोंधळतो. त्याला नळ्या किती, किंमत किती हे ऐकायचं असतं आणि मी चिरा की पत्रा यावर अडून बसतो. पण छर्रा नेम चुकला म्हणून हवेत विरघळत नाही. तो पुढच्या भिंतीपर्यंत जातो, आणि भिंत प्लायवूडची असेल तर भिंतीपलीकडेही जातो. पलीकडच्या खोलीत आई झोपली आहे की काजूच्या बिया पसरल्या आहेत, यावर बरंच काही ठरतं.

हा लेख गावात, वाडीपासून लांब, बागेत किंवा शेतात घर असणाऱ्यांसाठी आहे. शेजारी हाक मारून पोचणार नाही आणि पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर, अशी घरं आमच्या सिंधुदुर्गात पुष्कळ आहेत. मुलं मुंबई-पुण्यात आणि घरात दोन म्हातारी माणसं, हे चित्रही नेहमीचं. शहरातल्या फ्लॅटमध्ये बंदूक ठेवायचा विचार असेल तर माझं मत सरळ आहे: ठेवू नका. चार इंची भिंतीपलीकडे दुसऱ्याचं कुटुंब राहतं. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हा वेगळा विषय, तो इथे नाही. इथे फक्त बारा बोअरची काडतुसाची बंदूक.

आधी घर, मग बंदूक

एक संध्याकाळ काढा आणि घराभोवती फिरा. मागच्या पडवीचं दार आतून कशाने बंद होतं? कोयंडा लाकडात नुसत्या दोन बारीक खिळ्यांवर धरलेला असेल तर आधी तो बदला. अंगणात आणि मागे गोठ्याकडे दिवा आहे का, वीज गेली तर काय? कुत्रा आहे का? गावठी कुत्र्याइतका चांगला पहारेकरी मी पाहिलेला नाही, आणि त्याला परवाना लागत नाही. मोबाईलला रेंज घराच्या कुठल्या कोपऱ्यात मिळते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, कारण संकटात पहिलं काम ११२ फिरवणं हे आहे. हे सगळं झाल्यावरही रात्रीची झोप लागत नसेल तर बंदुकीचा विचार करा.

दुसरा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचा: बंदूक नक्की कशासाठी हवी? आमच्याकडे दहातले सात जण 'घराच्या संरक्षणासाठी' म्हणतात, पण मनात रानडुक्कर आणि माकड असतं. कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ मधलं कलम १३ संरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या, किमान वीस इंच नळी असलेल्या बंदुकीचा उल्लेख करतं, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा. ठासणीची पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर पिकासाठीही काडतुसाची बंदूक मिळू शकते. पण परवाना पिकाचा असो की घराचा, तो शिकारीचा परवाना नव्हे. वन्य प्राणी मारायचा तर वन खात्याची परवानगी वेगळी लागते. डुकराने रोपं उकरली म्हणून रागाच्या भरात बार काढलेले आणि मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे लोक मला माहीत आहेत.

ठासणीची बंदूक कोकणात घरोघर असायची, आजही बऱ्याच ठिकाणी आहे. घराच्या संरक्षणाला ती निरुपयोगी आहे. एक बार झाला की पुन्हा दारू, बोळा, छर्रे ठासून वर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायची. तोवर चोर शेजारच्या गावात पोचेल. आणि आषाढात दारू ओली होते ते वेगळंच.

परवाना

जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. शस्त्र नियम, २०१६ मधला नमुना ए-१ भरायचा. आता अर्ज एनडॅल-एलिस या केंद्रीय संगणक प्रणालीतून जातो आणि प्रत्येक परवानाधारकाला एक ओळख क्रमांक मिळतो, ज्याला सगळे यूआयएन म्हणतात. हा क्रमांक नसलेला जुना परवाना घरात पडला असेल तर त्यावर विसंबून राहू नका, आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत जाऊन चौकशी करा.

वय एकवीस पूर्ण हवं. अर्जासोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. प्रशिक्षणाला लोक उपचार समजतात. मी म्हणेन की सगळ्या भानगडीत पैसे वसूल होतात ते याच ठिकाणी. बंदूक हातात कशी धरायची हे न कळता ती विकत घेणं म्हणजे पोहायला न येता होडी घेण्यासारखं आहे.

मग ठाण्यातून चौकशी होते. हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, तुमच्यावर गुन्हे आहेत का ते पाहतो. कारण विचारलं जातं तेव्हा मोघम 'जिवाला धोका' लिहू नका. घर वस्तीपासून किती अंतरावर आहे, मागे कधी चोरी झाली असेल तर तिची तक्रार, घरात कोण राहतं, हे लिहा. जमीनजुमला कमी आहे म्हणून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच आहे, कलम १४. बऱ्याच लोकांना, आणि कधीकधी टेबलामागच्या माणसालाही, हे ठाऊक नसतं. नकार आला तर तो लेखी मागा, त्यावर अपील करता येतं. वेळेचं म्हणाल तर नियमात मुदती आहेत, पण तुम्ही मनात सहा महिने ते वर्ष धरून चाला, म्हणजे चिडचिड होणार नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो, आधी तीन होता. एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या. त्यामुळे जुन्या घराण्यातल्या तिसऱ्या बंदुका बाजारात आणि दुकानांत आल्या. त्याचा फायदा पुढे सांगतो.

वडिलांची बंदूक घरात आहे का? मग नवीन शोधायच्या आधी तिकडे बघा. परवानाधारक वारला तर कायदेशीर वारसाला त्या बंदुकीसाठी परवाना मागता येतो. वडील हयात असतील तरी, त्यांनी सत्तरी गाठल्यावर किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगून झाल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा, ते वारसाच्या नावाने करायला सांगू शकतात. वडील गेल्यावर बंदूक तशीच कपाटात ठेवून 'बघू नंतर' करत राहणं मात्र गुन्ह्यात जातं. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. आधी बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा, पावती घ्या, मग कागद हलवा.

एकनळी, दुनळी की पंप

बारा बोअर हे नाव कुठून आलं ते आधी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून सोळा बोअर बारापेक्षा लहान. वाड्यांतून सोळा बोअरच्या देखण्या जुन्या बंदुका निघतात, पण काडतुसं मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. नवख्याने बाराच घ्यावी.

एकनळी सर्वात स्वस्त, हलकी आणि समजायला सोपी. उघडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची. पण एकच बार. आणि हलकी असल्यामुळे खांद्याला झटका जास्त बसतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

दुनळी माझी पसंती. दुकानदार आणि कागदपत्रं तिला डीबीबीएल, म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग, म्हणतात. तीन-साडेतीन किलोची, दोन नळ्या शेजारीशेजारी, बहुतेकदा दोन चाप. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. एका नळीतलं काडतूस फुसकं निघालं तर दुसऱ्या चापावर बोट सरकवायचं, बस्स. यंत्र म्हणून बिघडण्यासारखं तिच्यात फार थोडं आहे. सर्वात मोठा गुण म्हणजे ती उघडली की रिकामी आहे की भरलेली हे अंधुक उजेडातही डोळ्यांनी दिसतं आणि बोटांनी चाचपता येतं. घरात मुलंबाळं, म्हातारी माणसं असताना या एका गुणासाठी मी बाकी सगळे गुण सोडायला तयार आहे.

पंपाची बंदूक हल्ली मुलांना आवडते, सिनेमाचा परिणाम. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन बनते. नळीखाली काडतुसं भरायची, आणि प्रत्येक बारानंतर पुढची मूठ मागे ओढून परत पुढे ढकलायची. बार जास्त मिळतात हे खरं. पण घाबरलेला माणूस मूठ अर्धीच ओढतो, काडतूस मध्येच अडकतं आणि हातात फक्त लोखंड उरतं. महिन्यातून एकदा सराव करणारा असेल तर पंप चालेल. वर्षातून एकदा दसऱ्याला पुजून परत कपाटात ठेवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. अर्धस्वयंचलित बंदुकीचा नाद तर अजिबात नको, परवान्याच्या वर्गवारीत तुम्ही भलत्याच रांगेत जाऊन उभे राहाल.

नळीची लांबी: जुन्या शिकारी बंदुका अठ्ठावीस-तीस इंची असतात. रानात त्या छान, घरातल्या वळणावर दाराच्या चौकटीला आपटतात. म्हणून कुणी म्हणेल, लोहाराकडून कापून घेऊ. चुकूनही नाही. परवानगीशिवाय नळी तोडणं हा शस्त्र कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि वीस इंचांखालची नळी साध्या परवान्यात बसतच नाही. तुम्ही घरभर बंदूक घेऊन चोर शोधत फिरणार नाही, हे पुढे येईलच. त्यामुळे लांब नळीची अडचण वाटते तेवढी मोठी नाही.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेली किंचित आवळण, छर्रे लांबवर एकत्र राहावेत म्हणून. साध्या दुनळीत उजवी नळी मोकळी आणि डावी जास्त चोकची असते. घरासाठी चोकचं फार मनावर घेऊ नका.

दुकानात गेल्यावर

नवी घेतली तर फार तपासण्यासारखं नसतं. खरी गंमत जुन्यात आहे, आणि दोन बंदुकांच्या मर्यादेमुळे चांगल्या जुन्या दुनळ्या परवानाधारक दुकानांत बघायला मिळतात. माझी जुनीच आहे. घ्यायला जाल तेव्हा अनुभवी माणूस सोबत न्या आणि या गोष्टी करा.

बंदूक हातात घेतली की पहिलं काम, ती उघडून दोन्ही कोठ्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागा, रिकाम्या असल्याची खात्री. दुकानदाराने तुमच्यासमोर उघडून दाखवली असली तरी पुन्हा. तो हसला तर हसू द्या.

उघड्या नळीतून उजेडाकडे बघा. आत आरशासारखं चकचकीत, एकसारख्या वर्तुळांचं दृश्य दिसलं पाहिजे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. तोंडाशी दोन-चार असतील तर चालवून घेता येतील. कोठीजवळ असतील तर बंदूक खाली ठेवा, कारण सगळ्यात जास्त दाब तिथेच असतो. वर्तुळ कुठे वाकडं दिसलं तर तिथे नळीला पोचा आहे.

बंदूक मिटून दस्ता काखेत धरा आणि नळ्या हलक्या हलवून बघा. खुळखुळ आवाज आला तर बिजागरी झिजली आहे. मिटल्यावर नळ्या आणि मागची पाठ यांच्यात कागद जाईल एवढी फट नको.

नळीवर बाहेरून वेलबुट्टीसारखी, पाण्यावर तेल पसरल्यासारखी नक्षी दिसली तर भुलू नका. ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून बनवलेली दमास्कस नळी असू शकते. बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधल्या लिएजच्या जुन्या बंदुकांत ती असे. भिंतीवर शोभेल. आजच्या काडतुसाचा दाब सोसायला ती बनलेली नाही, नळी फाटते आणि डावा हात बरोबर तिथेच असतो.

कोठीची लांबी विचारा. जुन्या विलायती बंदुका अडीच इंची, म्हणजे पासष्ट मिलिमीटर काडतुसाच्या असतात. आज मिळणारं काडतूस बहुधा सत्तर मिलिमीटरचं. ते आत बसतं, हीच तर पंचाईत. बार झाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. दुकानदाराला माहीत नसेल तर बंदूक घेऊ नका.

शेवटी अंगाला बसते का ते. डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी, सरळ समोर दिसली तर बंदूक तुमच्या मापाची. मान वाकडी करून माशी शोधावी लागत असेल तर दस्ता लांब किंवा आखूड आहे. घरात ती बायकोही वापरणार असेल, तिचाही परवाना असेल, तर तिला सोबत नेऊन तिच्या खांद्याला लावून बघा. बंदूक पुरुषाच्या मापाने घेतली आणि घरात बहुतेक वेळ एकटी बाईच असते, हा आमच्याकडचा नेहमीचा घोळ.

खरेदीची पावती, परवान्यावर बंदुकीच्या क्रमांकाची नोंद, आणि ठरल्या मुदतीत बंदूक दाखवून पडताळणी, यात आळस नको. पावतीवरचा आणि नळीवरचा क्रमांक दुकानाबाहेर पडण्याआधी अक्षर-अक्षर जुळवा.

काडतूस

महाराष्ट्रातल्या बहुतेक दुकानांत मिळणारं 'शक्तिमान' काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. १८६९ पासूनचा हा कारखाना २०२१ मध्ये म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला. तिचं मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे.

काडतुसाच्या अंगावर एलजी, एसजी, बीबी किंवा ४, ६ असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तेवढा छर्रा बारीक. एलजी-एसजी हे वाटाण्याएवढे जाड छर्रे, हातावर मोजता येतील इतकेच. सहा नंबरमध्ये अडीच मिलिमीटरच्या आसपासचे बारीक छर्रे शेकड्यांनी असतात.

लोकांचा एक ठाम गैरसमज असतो की बारा बोअरला नेम लागत नाही, नुसती दिशा दाखवली की झालं. घराच्या आतल्या अंतरावर हे साफ खोटं आहे. मोकळ्या नळीतून छर्रे मीटरमागे ढोबळमानाने अडीच-तीन सेंटिमीटर पसरतात. म्हणजे माजघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाच मीटरवर, सगळा पसारा तळहाताएवढा. नेम धरावाच लागतो.

आता भिंतींकडे परत येऊ. एसजीचा छर्रा दार, खिडकी, पत्रा, कौलं, प्लायवूड यातून आरपार जातो आणि पलीकडे माणूस असेल तर त्याला ठार करू शकतो. उघड्यावर तो सहाशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो, सहा नंबरचा दोनशेच्या आसपास. जाड चिऱ्याची भिंत त्याला अडवते, पण भिंतीत दारं-खिडक्या असतातच. म्हणून घर दाट वस्तीत असेल, आत पार्टिशनच्या खोल्या असतील, तर जाड छर्रा ठेवूच नका. चार किंवा सहा नंबर खोलीच्या अंतरावर पुरेसा जबर असतो, भिंतीपलीकडे त्याचा जोर लवकर सरतो. सरतो म्हटलं, संपतो नाही.

बंद खोलीत बारा बोअरचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. कानात शिट्टी वाजते आणि काहींच्या कानातून ती कायमची जात नाही. सरावाला कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहू नका.

चाप ओढण्याआधी

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क तिथे कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. दोन गोष्टी पाठ करा. एक, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. दोन, संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोचतो तो मोजक्याच प्रसंगी: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरी-घुसखोरी अशी की आता आपण मरणार किंवा जबर जखमी होणार अशी रास्त भीती वाटावी. नारळ तोडून पळणाऱ्याच्या पाठीवर बार टाकला तर तुरुंगात तुम्ही जाल, तो नाही.

म्हणून आमच्या घरातला नियम असा. आवाज आला तर सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, दार लावायचं, दिवे लावायचे, ११२ करायचा, आणि मोठ्याने ओरडून सांगायचं की पोलिसांना बोलावलंय, घरात बंदूक आहे. बंदूक त्या दाराच्या आत राहते. ती घेऊन अंधारात कोण आहे ते बघायला बाहेर कुणी जात नाही. एवढ्या वर्षांत एकदाच दोनच्या सुमारास मागच्या दाराशी धडपड झाली. आम्ही सगळे खोलीत, मी दरवाजाकडे तोंड करून, हात ओले झालेले. सकाळी कळलं की शेजारच्या वाडीतला भाचा मुंबईहून रात्रीच्या गाडीने आला होता आणि दारूच्या नशेत घर चुकला होता. मी बाहेर गेलो असतो तर काय, याचा विचार मी आजही करत नाही.

लग्नात, वरातीत, गणपतीत हौसेने बार काढणं २०१९ पासून थेट गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कपाट आणि पावसाळा

पोलादी कपाट, भिंतीत पक्कं केलेलं. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. किल्ली देवाच्या कोनाड्यात ठेवू नका. पोरांना ती जागा सगळ्यात आधी सापडते. घरातल्या मुलांना बंदूक एकदा, रिकामी करून, नीट दाखवा आणि मी नसताना कुणाच्या हातात दिसली तर तिथून निघून मोठ्यांना सांगायचं हे शिकवा. लपवून ठेवलेल्या गोष्टीचं आकर्षण जास्त असतं.

कोकणातला पावसाळा चोरापेक्षा बंदुकीचा मोठा शत्रू. पहिल्या वर्षी मी हौसेने चामड्याचं कव्हर घेतलं आणि मृग ते गणपती बंदूक त्यातच ठेवली. चामडं ओल धरतं हे कळायची अक्कल नव्हती. चतुर्थीला काढली तर नळीवर तांबडी लव उगवलेली, आतही ठिपके. ते आजपर्यंत आहेत. तेव्हापासून बंदूक कव्हरशिवाय, कपाटात उभी. नळीत गजाला चिंधी बांधून आधी कोरडी फिरवायची, मग बंदुकीच्या तेलाची. बाहेरून हात लागला असेल तिथे पुसायचं, कारण घामातल्या मिठाने लोखंड सर्वात लवकर गंजतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांनी. खोबरेल वापरू नका, ते चिकटतं. कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि त्या उन्हात वाळवून परत वापरा.

काडतुसाची पितळी बुडं हिरवी पडली किंवा काडतूस फुगून कोठीत जाईना तर ते जबरदस्तीने कोंबू नका. बाजूला काढा आणि दुकानदाराला विचारा. विहिरीत टाकणारेही असतात, त्यांच्याविषयी काय बोलावं.

वर्षातून दोनदा तरी रायफल क्लबात जाऊन दहा-वीस बार काढा, तुमच्याच बंदुकीने आणि तुम्ही घरात ठेवता त्याच काडतुसांनी. परवान्यावर काडतुसांचा आकडा असतो, त्यातच हे बसवायचं. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणि पावत्या जपून ठेवा, हिशेब मागितला जाऊ शकतो. परवान्याचं नूतनीकरण मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज टाकून सुरू करा.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदूक जमा करायचा निरोप येतो. सरसकट सगळ्यांची घ्यायची नसते, त्यासाठी छाननी समिती असते आणि एकट्या घरात राहणाऱ्याला तिच्याकडे लेखी विनंती करता येते. तरी जमा करावी लागलीच तर आधी नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा जाड हात द्या, कारण पुढचे दोन महिने तिला कुणी पुसणार नाही. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि दस्त्यावरच्या ओरखड्यासकट स्थिती लिहून घ्या. परत आणताना ठाण्याच्या दारातच ती उघडा, नळीतून उजेडाकडे बघा, क्रमांक जुळवा, आणि मगच सही करा.